मोटार घुमते, पाणी उचलत नाही: सकाळी उठू न देणाऱ्या झोपेच्या आजारांविषयी

फोनच्या यादीत नोंद होती: सकाळी ६ वाजून १० मिनिटं, अण्णा, ४ मिनिटं १२ सेकंद. अण्णांनी हरभरा काढायला बाया मिळाल्याचं सांगितलं होतं. मी ‘बरं झालं’ म्हणाले होते, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली होती आणि शनिवारी गावाकडं येते असं कबूलही केलं होतं. शनिवारी अण्णा औशाच्या स्टँडवर दीड तास थांबले. मी संभाजीनगरात, घरीच होते. त्या फोनमधला एक शब्दही मला आठवत नव्हता. आजही आठवत नाही.

डोळे उघडे होते, आवाज नेहमीचा होता, उत्तरं बरोबर होती. पण घडलेलं लक्षात ठेवणारा, विचार करून ठरवणारा मेंदूचा भाग अजून झोपेतच होता. डॉक्टर याला ‘स्लीप ड्रंकननेस’ म्हणतात, म्हणजे झोपेची नशा. माझ्या आजारात ती रोज सकाळी असते. आजाराचं नाव इडिओपॅथिक हायपरसोम्निया. हायपरसोम्निया म्हणजे प्रमाणाबाहेर झोप, आणि इडिओपॅथिक म्हणजे कारण न सापडलेलं. सोळाव्या वर्षी सुरू झालं, एकतिसाव्या वर्षी त्याला हे नाव मिळालं.

मधल्या पंधरा वर्षांत मला मिळालेली नावं वेगळी होती. लातूरला अकरावीत असताना खोलीवरच्या मुली कुंभकर्ण म्हणायच्या. लग्नानंतर शब्द मऊ झाले, पण जास्त लागायला लागले. सुनेनं सासूच्या आधी उठावं, सडा टाकावा, पाणी तापवावं, हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, ते धरलेलंच असतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कधी ओरडल्या नाहीत. दारात उभ्या राहून एवढंच म्हणायच्या, “किती झोपायलीस गं बाई, ऊन अंगावर आलं की.” आणि स्वतःच झाडू घ्यायच्या. त्या झाडूच्या आवाजाची मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कशाची वाटली नसेल. त्या लाजेनंही मला उठवलं नाही.

अण्णांचं निराळं होतं. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, गणपती बोळवून गावं झोपली होती तेव्हा भूकंप झाला. मी दोन वर्षांची होते. त्या रात्रीपासून अण्णांची झोप पाखराची झाली. पत्र्यावर मांजर चाललं तरी ते उठून बसतात. ‘घर पडलं तरी उठायची नाही ही’ असं बोलणं दुसरीकडं चेष्टेत खपत असेल, आमच्या भागात ते कुणी हसून म्हणत नाही. माझी झोप बघून अण्णांना भीती वाटायची, आणि ती रागासारखी बाहेर पडायची.

हे सगळं सांगायचं कारण असं की सकाळी सात वाजता अंथरुणात पडून राहिलेलं माणूस बाहेरून एकसारखंच दिसतं, पण त्यामागं चार-पाच अगदी वेगवेगळी कारणं असू शकतात. घराकडं मात्र सगळ्यांवर एकच औषध असतं, बोलणी. ‘झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही’ ही म्हण मी इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यात एक तिसरा माणूस राहून गेला आहे हे मला फार उशिरा कळलं: जो खरंच झोपला आहे आणि तरीही उठवता येत नाही.

उठायला काय काय लागतं

अण्णांना मी हे शेतातल्या मोटारीवरून समजावलं होतं. त्यांना पटलं, म्हणून इथंही तसंच सांगते.

बोअरची मोटार चालवायची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. आधी चालून तापलेली असेल तर ती थंड झालेली हवी, नाहीतर स्टार्टर ट्रिप होतो. लाइट आलेली हवी. आणि आलेल्या लाइटला व्होल्टेज हवं. माणसाचं जागं होणं याच तीन गोष्टींवर चालतं.

आधी तापणं. आपण जागे असतो तेव्हा मेंदू ऊर्जा खर्च करतो आणि त्यातून ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे, तितकं ते जास्त, तितकी झोप अनावर. झोपेत ते ओसरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, त्यामुळं झोप आल्याचं जाणवत नाही, पण आतली उष्णता तशीच असते. कॅफिन उतरलं की सगळी एकदम अंगावर येते. रात्रीच्या लाइटवर दोन वाजता ज्वारीला पाणी द्यायला जाणारा शेतकरी, किंवा ऊसतोडीच्या फडात पहाटे तीनला कोयता हातात घेणारी बाई दिवसा पेंगते, तेव्हा तिच्या मेंदूत बिघाड काहीच नसतो. मोटार थंडच होऊ दिलेली नसते. त्यांना औषध लागत नाही, झोप लागते, आणि ती त्यांना मिळत नाही हे दुखणं डॉक्टरांच्या हातातलं नाही.

दुसरी गोष्ट लाइट. लाइट आली नसेल तर हिरवं बटण कितीही दाबा, काही होत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. शरीरात लाइटचं वेळापत्रक ठरवणारं एक घड्याळ आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो, तेच ते घड्याळ. हे पेशींच्या आत कसं चालतं ते फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांसारख्या माश्यांवर अभ्यास करून जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी उलगडलं, आणि २०१७ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं. माणसाचं हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नाही. सरासरी चोवीस तास आणि वर दहाएक मिनिटं भरतं. म्हणजे त्याला मोकळं सोडलं तर ते रोज थोडं थोडं मागं पडेल. त्याला रोज सकाळी ओढून जागेवर आणतो तो उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी मुख्यतः उजेड मोजून घड्याळाला कळवण्यासाठी आहेत. संध्याकाळी उजेड ओसरला की मेलाटोनिन पाझरायला लागतं, आणि साधारण दोन तासांत झोपेची वेळ होते.

इथं आपल्या भागापुरती एक गोष्ट. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळची. लातूर त्याच्या सुमारे सहा अंश पश्चिमेला, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्याचं लातूर भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सुमारे चोवीस मिनिटं मागं आहे, संभाजीनगर आणखी थोडं मागं. जानेवारीत आपल्याकडं सूर्य उगवतो सातच्या आसपास. साडेचारला उठून अभ्यासाला बसणारं पोर सूर्योदयाच्या अडीच तास आधी उठलेलं असतं.

तिसरी गोष्ट व्होल्टेज. मेंदूच्या देठात आणि त्याच्या थोडं वर पेशींचे काही गट आहेत. ते नॉरएपिनेफ्रिन, हिस्टामिन, डोपामिन, ओरेक्सिन अशी द्रव्यं सोडून बाकीच्या मेंदूला जागं ठेवतात. सर्दीची जुनी गोळी घेतली की डोळे मिटायला लागतात, ते ती हिस्टामिनला अडवते म्हणून. १९९८ मध्ये ओरेक्सिन सापडलं आणि मग कळलं की नार्कोलेप्सीच्या (दिवसा अनावर झोप येण्याचा एक आजार) बहुतेक रुग्णांत, विशेषतः ज्यांचे हसताना किंवा रागावताना गुडघे एकदम ढिले पडतात त्यांच्यात, ते बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. व्होल्टेज कमी असलं तर काय होतं? लाइट आहे, बटण दाबलं, मोटार घूंऽऽ करत घुमते, पण पाणी उचलत नाही. माझी सकाळ म्हणजे नेमकं हेच.

निरोगी माणसालाही उठल्या उठल्या लगेच सगळं सुचत नाही. खोल बोअरचं पाणी वर यायला वेळ लागतो, आधी पाइप नुसती हवा ओकतो, तसं. मेंदूचा देठ पटकन जागा होतो, कपाळामागचा विचार करणारा भाग मागाहून. बहुतेकांना पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास लागतो. गाढ झोपेतून उठवलं तर थोडं जास्त. मला कधी दोन तास लागतात, कधी चार. त्या वेळात मी चालते, बोलते, भांडतेही. एकदा चुलीजवळचा मिठाचा डबा उचलून नवऱ्याच्या चहात दोन चमचे मीठ घातलं आणि वर विलायची कुटून टाकली. विलायची बरोबर पडली होती.

सुट्टीच्या दिवशी मनासारखं झोपू दिलं तर?

घरातलं कुणी सकाळी उठत नसेल तर पहिला प्रश्न हा विचारा. एक दिवस नव्हे, दहा-पंधरा दिवस, परीक्षा नाही, पहाटेचा गजर नाही, अशी मोकळीक दिली तर काय होतं?

काहींची झोप दोन-तीन दिवसांत फिटते आणि मग ते आठ तासांत आपोआप उठायला लागतात. ही झोपेची उधारी होती, ती फिटली. बारावी-नीटची पोरं यात फार. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि त्या वयात शरीराचं घड्याळ निसर्गतःच थोडं मागं सरकतं. रात्री बारा ते पहाटे पाच झोपणाऱ्या मुलाला आळशी म्हणताना हा हिशेब एकदा करावा.

काही रात्रभर घोरतात, मध्येच श्वास अडतो, खाकरून, गुदमरून पुन्हा सुरू होतो. नऊ तास झोपूनही डोकं जड, तोंडाला कोरड. हा स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचा मार्ग मिटतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, आणि असं तासाला कितीतरी वेळा. आठवण एकाही वेळेची राहत नाही. दिवसा झोप येण्याच्या आजारांत हा सगळ्यांत जास्त आढळणाऱ्यांपैकी, आणि त्यावर मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र चांगलं काम करतं. ‘काय गाढ झोपलाय, घोरायलाय बघा’ हे आपल्याकडं कौतुकानं म्हणतात. घोरणं गाढ झोपेची खूण नाही.

थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, चालू असलेली एखादी गोळी, ही कारणं तर सगळ्यांत आधी तपासायची. बायकांमध्ये हिमोग्लोबिन न बघता झोपेच्या आजाराकडं उडी मारू नये.

आता उरतात ते दोन, ज्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा लातूरला नीटची तयारी करतो. गेल्या वर्षी ताईचा रडत फोन आला, की हा पहाटे उठत नाही, खोलीवरच्या काकूंनी पाणी ओतलं तरी उठत नाही, सर म्हणतात घेऊन जा. मला वाटलं, माझंच दुखणं त्याच्याकडं आलं. त्याला दिवाळीत महिनाभर माझ्याकडं आणलं आणि वही ठेवली: किती वाजता डोळा लागला, किती वाजता आपोआप जाग आली. पाचव्या दिवशीच माझा अंदाज चुकल्याचं दिसलं. तो पहाटे तीनला झोपायचा, साडेदहा-अकराला उठायचा, आणि उठला की पाच मिनिटांत टवटवीत. झोप साडेसात-आठ तास, चोख. मोटार उत्तम, व्होल्टेज उत्तम. फक्त लाइट उशिरा येते.

याला डिलेड स्लीप फेज म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये इलियट वाइट्झमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा नीट मांडला. असा मुलगा दहाला अंथरुणात पडला तरी तीनपर्यंत कूस बदलत राहतो, कारण त्याच्या शरीरात रात्रच झालेली नसते. काही घराण्यांत तो पिढीजात असतो. क्राय-१ नावाच्या जनुकातला एक बदल २०१७ मध्ये अशा कुटुंबांत सापडला आहे. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे वचन भिंतीवर लावून त्याचं घड्याळ हलत नाही.

ते हलतं उजेडानं, पण तो कोणत्या वेळी पडतो यावर सगळं आहे, आणि इथंच बहुतेक घरं फसतात. आपण आपोआप उठतो त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यांत खाली असतं. त्या वळणानंतर डोळ्यांत उजेड गेला तर घड्याळ पुढं येतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर झोप आणि लवकर जाग. त्या वळणाच्या आधी गेला तर घड्याळ उलट आणखी मागं पडतं. भाच्याची जाग अकराची, म्हणजे त्याचं वळण आठ-साडेआठचं. त्याला पाचला उठवून अभ्यासिकेतल्या लख्ख पांढऱ्या दिव्यांखाली बसवलं जात होतं. त्याच्या शरीराला ती भर रात्र होती, आणि तो उजेड त्याला रोज मागं ढकलत असणार. हे कळलं तेव्हा ताई बराच वेळ काही बोलली नाही.

डॉक्टरांनी त्याला उलट्या वाटेनं नेलं. आधी दहाला उठायचं आणि लगेच गच्चीवर अर्धा तास. सूर्याकडं बघायचं नाही, फक्त उघड्यावर बसायचं. घरातला ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, परदेशात उपचारासाठी दहा हजार लक्सचे दिवे विकत घेतात, आणि आपल्याकडं सकाळच्या उन्हात तेवढा उजेड फुकट पडलेला असतो. दर दोन-तीन दिवसांनी उठायची वेळ अर्धा तास अलीकडं. संध्याकाळनंतर घरात पिवळा, मंद दिवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. झोपेच्या कितीतरी आधी, संध्याकाळी, मेलाटोनिनचा अगदी छोटा डोस, तोही डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेला. मेलाटोनिन ही झोपेची गोळी नव्हे, ती घड्याळाला ‘रात्र झाली’ असं सांगते. भलत्या वेळी घेतली तर भलतंच सांगते. रविवारीही उठायला तासाभराच्या वर उशीर होऊ द्यायचा नाही.

दीड-दोन महिन्यांत तो साडेसातवर आला. दुपारची बॅच घेतली. मध्ये मामाच्या लग्नात दोन रात्री जागला आणि घड्याळ परत दोन तास घसरलं, मग पुन्हा गच्ची. हे असंच राहणार. ओढ मागं जायचीच आहे, ती रोज थोडी धरून ठेवायची.

माझं दुखणं

मला मोकळीक दिली तर काय होतं? मी रात्री दहाला झोपते, सकाळी नऊ-दहाला उठवावं लागतं, आणि अकरा-बारा तास झोपूनही अंग शिशाचं. दुपारी आडवी झाले तर तीन तास जातात आणि उठल्यावर आधीपेक्षा वाईट वाटतं. नार्कोलेप्सीवाल्याला पंधरा-वीस मिनिटांची डुलकी ताजं करते. मला करत नाही. हा फरक डॉक्टरांना जरूर सांगायचा.

प्रागचे मेंदूविकारतज्ज्ञ बेद्रिख रोथ यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९७६ मध्ये या दुखण्याला आजचं नाव दिलं. उठतानाच्या नशेकडं त्यांनी फार बारकाईनं पाहिलं होतं. बहुतेकांत ते पौगंडावस्थेत किंवा विशीत सुरू होतं. कारणाचा शोध चालू आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात डेव्हिड राय यांच्या गटाला काही रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात असं काहीतरी आढळलं जे मेंदूला गुंगी आणणाऱ्या गाबा या यंत्रणेचा जोर वाढवतं. जणू शरीर स्वतःच थोडी झोपेची गोळी बनवतंय. पुढच्या एका अभ्यासात ते तसंच दिसलं नाही. मला स्वतःला ती कल्पना पटते, कारण आतून नेमकं तसंच वाटतं. पण माझ्या पटण्याला पुरावा म्हणत नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

निदानासाठी मला पुण्याला पाठवलं. आधी दोन आठवडे झोपेची वही, म्हणजे मुळात झोप कमी पडत नाही ना ते कळावं. येताना डोक्याला तेल लावू नका, एवढी एक सूचना. रात्री डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना चिकट लेप लावून तारा जोडल्या आणि झोपायला सांगितलं. सकाळी उठवलं, आणि खरी परीक्षा तिथून पुढं. दर दोन तासांनी, असं पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटं आडवं व्हायचं आणि किती मिनिटांत झोप लागते ते मोजायचं. भरपूर झोप झालेल्या माणसाला दिवसा सहजी झोप लागत नाही. पाचही वेळांची सरासरी आठ मिनिटं किंवा त्याहून कमी आली तर ते बोट आजाराकडं जातं. माझी सहाच्या आत होती. स्वप्नांची झोप दोन किंवा अधिक डुलक्यांत लगेच आली असती तर नार्कोलेप्सी म्हटलं असतं. मला एकदाही आली नाही. काही रुग्णांची ही सरासरी बरी येते, पण चोवीस तासांत अकरा तासांच्या वर झोप मोजली जाते, तेही या निदानात बसतं.

अहवाल हातात आल्यावर मी पार्किंगमध्ये उभी राहून रडले. आजार निघाला म्हणून माणसं रडतात, मी त्याला नाव मिळालं म्हणून रडले.

औषधांनी हे दुखणं मुळापासून जात नाही, व्होल्टेज थोडं वाढतं. मला मोडाफिनिल चालू आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणी घेऊ नये. स्पर्धा परीक्षेची मुलं जागायला म्हणून घेतात असं ऐकते, ते फार चुकीचं आहे. बायकांनी एक विशेष लक्षात ठेवायचं, कारण मला ते दुकानदारानं सांगितलं नव्हतं: मोडाफिनिलनं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, औषध बंद केल्यावरही महिनाभर. आणि गर्भ राहिला तर बाळाला धोका असू शकतो. अंगावर पुरळ उठलं तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. या दुखण्यासाठी पहिल्यांदा एखाद्या औषधाला मंजुरी मिळाली ती अमेरिकेत, ऑगस्ट २०२१ मध्ये, सोडियम कमी असलेल्या ऑक्सिबेटला. ते रात्री घ्यायचं असतं.

आमच्या घरात सकाळ आता अशी होते. साडेपाचला नवरा पहिला दिवा लावतो, माझं नाव घेतो, मला बसतं करतो आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी पाण्याबरोबर देतो. मी ती गिळते, परत झोपते. मला यातलं काही आठवत नाही. सात-सव्वासातला गोळी काम करायला लागलेली असते, तेव्हा तो खरा उठवतो. ‘उठलीस का’ असं विचारत नाही, कारण मी हो म्हणणार हे त्याला माहीत आहे. पाय जमिनीवर टेकवून उभी राहिले की तो खोलीतून जातो, त्याआधी नाही. पहिला तास मी गॅस पेटवत नाही, गाडीची किल्ली घेत नाही. किल्ली आत्याबाईंच्या कमरेला असते. सडा त्याच टाकतात, आणि रात्रीची भांडी, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणं माझ्याकडं. असं वाटून घ्यायला आम्हाला आठ महिने लागले आणि त्यात दोनदा माझं सामान भरून झालं होतं.

कुणाच्या घरी असं माणूस असेल तर त्याच्यावर पाणी ओतू नका, गदागदा हलवू नका. नशेत असलेला मेंदू घाबरतो आणि हात उगारतो, शिवी देतो, आणि मग त्या न आठवणाऱ्या शिवीवर दिवसभर भांडण चालतं. खिडकी उघडा, दिवा लावा, हळू आवाजात तेच तेच बोला, वेळ द्या. गजर दहा लावले तर दहाही बंद होतात, कारण ते बंद करणारा हात जागा असतो आणि बाकीचं माणूस झोपेत.

डॉक्टरांकडं जाताना आधी फॅमिली डॉक्टरकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर करून घ्या. पुढं मेंदूविकारतज्ज्ञ, घोरणं असेल तर छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ, आणि त्यांना ‘झोपेची तपासणी’ हे शब्द वापरून विचारा. ‘अशक्तपणा वाटतो’ एवढंच म्हणालात तर टॉनिक लिहून मिळेल, मला दोनदा मिळालं होतं. दोन आठवड्यांची वही न्या, चालू गोळ्या सगळ्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्या आणि पित्ताच्यासुद्धा. उठवतानाचा एखादा व्हिडिओ असेल तर दाखवा. आणि एकटे जाऊ नका, रोज सकाळी तुम्हाला उठवणारं माणूस बरोबर न्या. तुम्ही सकाळी कसे असता हे तुम्हाला सांगता येणार नाही, ते त्यालाच ठाऊक असतं.